‘आलाति’चा अर्थ आणि फुटलेल्या ओळीतलं विलुसा

तुमचे प्रश्न दोन. हत्तुसाच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती साम्राज्याच्या राजधानीच्या) मातीच्या पाटीवर लुवियन, म्हणजे हित्तीच्या जवळच्या नात्यातल्या प्राचीन भाषेतल्या गाण्याची एक ओळ आहे, तिचं भाषांतर ‘उंच विलुसाहून ते आले’ असं करतात आणि विलुसा म्हणजे ट्रॉय. मग ‘इलियड’ रचणाऱ्या ग्रीक कवी होमरच्या आधीचं ट्रॉयचं महाकाव्य मिळालं म्हणायचं का? आणि दुसऱ्या पाटीवर तशाच ओळीचा शेवट फुटलाय, तिथे ‘विलुसाति’ भरायचं का? पहिल्याचं उत्तर ‘ओळ मिळाली, महाकाव्य नाही’. दुसऱ्याचं सरळ ‘नको’.

आधी ओळ कुठे येते ते बघा. इस्तानुवा गावच्या विधीचं वर्णन हित्ती भाषेत आहे. सुवासुना देवाच्या नावाने पेय प्यायचं आणि मग म्हणायचं: ‘अह्हाताता आलाति अविएन्ता विलुसाति’. पुढचं गाणं लिहिलेलंच नाही. गाणाऱ्याला ते पाठ असणार, लेखनिकाला आठवणीपुरता मुखडा पुरेसा होता. त्यामुळे ही युद्धकथा होती, स्तोत्र होतं की पेयपानाचं गाणं, हे या चार शब्दांवरून कळायला मार्ग नाही.

त्यातलं ‘अविएन्ता’ म्हणजे ‘आले’, याबद्दल फारसा वाद नाही. ‘-आति’ हा अपादानाचा, म्हणजे ‘-हून’चा प्रत्यय. घोडं अडतं ‘आलाति’वर. भाषाशास्त्रज्ञ कॅल्व्हर्ट वॉटकिन्सने 1986 साली छापलेल्या लेखात त्याचा अर्थ ‘उंच, कड्यासारखा उभा’ असा घेतला आणि होमरच्या ‘उंच इलिऑस’ (इलिऑस म्हणजे ट्रॉयच) यातल्या ठरीव विशेषणाशी त्याची जोडी लावली. जोडी मोहक आहे. पण आधी होमरवरून अर्थ ठरवायचा आणि मग त्याच अर्थावरून होमरशी नातं सिद्ध करायचं, हे चालणार नाही. अर्थाला पुरावा बाहेरून हवा.

तो मिळतो एका अगदी घरगुती विधीत. घराला लागलेली अशुद्धी काढण्याचा पुरियान्नीचा विधी आहे. त्यात लुवियनमध्ये मीठ कुठून आलं ते सांगतात: ‘आलाति उवानियाति’, उभ्या कड्यावरून आणलेलं. ‘उवानिया’ म्हणजे खडकाचा कडा. इथे ट्रॉय नाही, होमर नाही, नुसतं मीठ आहे. तरी तेच विशेषण, तीच विभक्ती. माझ्या मते ‘आलाति’चा खरा आधार हा आहे आणि लोकप्रिय लेखांत नेमका तोच गाळला जातो. (ध्वनीवरून संस्कृत ‘अलात’कडे धावणारेही भेटतात. अलात म्हणजे जळतं कोलीत. कोलितावरून मीठ कसं आणणार ते त्यांनाच ठाऊक!)

‘विलुसाति’लाही शंकेची जागा आहे. गावाच्या नावाआधी ‘उरु’ ही खूण लावायची पद्धत, ती इथे नाही. म्हणून काहींनी ते गावाचं नाव न मानता ‘कुरणातून’ असं वाचलं. मला तरी गावच पटतं. विलुसा हे हित्ती राजा मुवत्तल्ली दुसरा याने इ. स. पू. 1280च्या सुमारास विलुसाच्या राजा अलाक्सान्दूशी केलेल्या तहातलं परिचित नाव आहे आणि गाण्याच्या उताऱ्यात खूण गळणं अशक्य नाही. पण हे पटणं झालं, पुरावा नव्हे.

आता फुटलेली ओळ. ‘आलाति-ता अह्हा’, पुढे माणसासाठीची ‘लू’ ही सुमेरी खूण आणि तिला चिकटलेलं ‘-इश’, मग ‘अविता’, म्हणजे ‘आला’, आणि पुढे भेग. एकवचनी क्रियापद, ‘माणूस’ हा कर्ता आणि शब्दांचा थोडा वेगळा क्रम सोडला तर ठेवण पहिल्या ओळीसारखीच, म्हणून कंसात ‘विलुसाति’ भरायचा मोह होतो. पण मिठाच्या ओळीने दाखवलंच आहे की ‘आलाति’ कड्यालाही लागतं. ‘तो माणूस उभ्या कड्यावरून आला’ हेही वाक्य तितकंच शुद्ध. म्हणजे ‘उवानियाति’लाही भेगेवर तेवढाच हक्क आहे आणि एखाद्या डोंगराच्या नावालाही. त्यातून विलुसा निवडायचं कारण एकच उरतं, आपल्याला ट्रॉय हवंय.

चौकोनी कंसातला शब्द आधुनिक संपादकाचा असतो, लेखनिकाचा नव्हे. लेखांमधून उतारे फिरतात तेव्हा आधी हा कंस गळतो आणि मग ‘दोन पाट्यांवर विलुसा आहे’ असं छापून येतं. मला विचाराल तर तिथे तीन टिंबं द्या. माइन्झच्या हित्ती पोर्टलवर पाट्यांचे फोटो आहेत. ‘अविता’नंतर भेगेत किती चिन्हांची जागा उरते ते तिथे स्वतः मोजा आणि दोन्ही शब्द त्यात बसवून बघा.