मेथाडोन चालू असताना इबोगेन? आधी ईसीजी काढा

ताई, तुमचा भाऊ सहा वर्षं हेरॉइनवर होता, दीड वर्षापासून मेथाडोनवर, म्हणजे हेरॉइनच्या जागी डॉक्टर देतात त्या औषधावर आहे आणि आता व्यसनातून सुटायला त्याला मेक्सिकोला जाऊन इबोगेन घ्यायचंय. "झाडाचंच औषध आहे, त्यानं काय होणार" असं तो म्हणतो आणि तुम्हाला झोप लागत नाही. नऊ वर्षांपूर्वी मीही असाच तिकीट काढून बसलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी एक मान्य करा: तो काही भलत्या गप्पांना भुललेला नाही. इबोगेन ज्यातून मिळतं ते इबोगा हे मध्य आफ्रिकेतलं, मुख्यतः गॅबॉनमधलं झुडूप. तिथल्या ब्विटी पंथात दीक्षा देताना त्याच्या मुळाची साल खाऊ घालतात. रात्रभर गाणं-वाजवणं चालतं आणि जाणती माणसं शेजारून हलत नाहीत. व्यसन सोडवायचा हेतू त्यात नव्हता. तो उपयोग १९६२ मध्ये हॉवर्ड लॉट्सॉफ या अमेरिकी तरुणाला योगायोगानं कळला. तो स्वतः हेरॉइन घ्यायचा. नवी नशा म्हणून इबोगेन घेतलं, आणि उतरल्यावर पाहतो तर टर्की (नशा तुटल्यावर होणारा त्रास) नाही, तलफ नाही. पुढे मेक्सिकोत उपचार घेतलेल्या ३० जणांच्या एका अभ्यासात, महिन्यानंतर निम्म्यांनी या काळात एकही ओपिऑइड (हेरॉइनच्या जातीचं औषध किंवा नशा) घेतलं नसल्याचं सांगितलं. तुलनेला दुसरा गट नव्हता, तरी हा आकडा मी हसण्यावारी नेणार नाही. (माजी सैनिकांवरचा २०२४ चा अभ्यास त्यानं दाखवला, तर तो मेंदूला झालेल्या इजेवरचा होता, हेरॉइनवरचा नाही, एवढं सांगा.)

आता हृदयाचं. इबोगेनमुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर त्याला पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो. ईसीजीवर हे क्यूटी म्हणून मोजतात. ते फार लांबलं की ठोक्यांची लय बिघडते आणि माणूस अचानक जातो. मेथाडोनही नेमकं हेच करतं. म्हणजे तुमच्या भावाच्या बाबतीत एकाच दोरीला दोन्हीकडून ताण. शिवाय मेथाडोन अंगातून लवकर उतरत नाही, आणि इबोगेनपासून शरीरात तयार होणारं नॉरइबोगेनही कित्येक दिवस राहतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १९९० ते २००८ या काळातले १९ मृत्यू नोंदवलेत, इबोगेन घेतल्यानंतर दीड ते ७६ तासांतले. अनेकांना आधीपासून हृदयाचा त्रास होता किंवा अंगात दुसरं काही होतं. ७६ तास म्हणजे तिसरा दिवस उलटून गेलेला. तोवर सोबतचे लोक "चला, निभावलं" म्हणून झोपलेले असतात.

माझं असं झालं, की पहिल्या ठिकाणी ईसीजी काढला, क्यूटी ४७० मिलिसेकंदांच्या वर, म्हणजे जास्त लांब आला, आणि त्यांनी सरळ नकार दिला. मी नको ते बोललो त्यांना. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एकाला फोन केला. त्यानं ना मेथाडोनचं विचारलं, ना हृदयाचं. पैसे कधी पाठवता, एवढंच. तेव्हा मात्र पोटात गोळा आला. परत फिरलो आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्यूप्रेनॉर्फिनवर, म्हणजे मेथाडोनसारख्याच दुसऱ्या औषधावर आलो. त्यात साक्षात्कार वगैरे काही नव्हता. कंटाळवाणं होतं, पण टिकलं.

तरीही तो जाणारच असेल, तर भांडू नका, नाहीतर तुम्हाला न सांगता जाईल. कोणत्या पाहुण्याला काय दृश्यं दिसली, हे तिथल्या लोकांना विचारू नका. ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम-मॅग्नेशियम आधी तपासतात का, मेथाडोन कसं आणि किती आठवडे आधी बदलतात, मॉनिटर किती दिवस लावून ठेवतात, हृदय थांबलं तर डॉक्टर खोलीत असतो की फोनवर, हे विचारा. मेथाडोन स्वतःच्या मनानं बंद करू नकोस, हे त्याला आजच सांगा.

आणि परत आल्यावरचे आठवडे. याबद्दल कुणी बोलत नाही. टर्की गेली, तसा हेरॉइन पेलायचा शरीराचा सरावही जातो. पाय घसरला आणि त्यानं जुन्याच मापानं घेतलं, तर तेवढ्यानं श्वास थांबू शकतो. घरात नॅलोक्सोन, म्हणजे हेरॉइनचा असर उतरवणारं औषध हवं, आणि ते कसं द्यायचं हे घरातल्या प्रत्येकाला यायला हवं.

त्याचा मेथाडोनचा डोस किती, सोबत आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि शेवटचा ईसीजी कधी काढला, तेवढं कळवा. डॉक्टरांपुढे काय काय मांडायचं, त्याची यादी मग मिळून करू.