वाचकांचे प्रश्न : उतारवयातील मधुमेह आणि व्यायाम

प्रश्न : माझे वय ७१ असून १६ वर्षांपासून मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या चालू आहेत. रोज पहाटे काहीही न खाता कमाटीबागेत फिरायला जातो. मागच्या महिन्यात चालता चालता दरदरून घाम फुटला व हातपाय थरथरू लागले; एका ओळखीच्या गृहस्थांनी बाकावर बसवून गोड चहा पाजला, तेव्हा बरे वाटले. तेव्हापासून मुलगा एकट्याने बाहेर पडू देत नाही. चालणे सोडून द्यावे का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : चालणे मुळीच सोडू नका, बदलायची आहे ती वेळ आणि पद्धत. गोड चहाने बरे वाटले, यावरून साखर उतरली असण्याची शक्यता मोठी आहे. तरीही मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो आणि त्यातही असाच घाम सुटतो, म्हणून ईसीजी काढला नसेल तर आधी तो काढून घ्यावा.

चालताना स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही रक्तातील साखर ओढून घेतात. ग्लिमेपिराइड मात्र पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्शुलिन स्रवायला लावते. रात्रभराचा उपास, गोळीचा असर आणि भरभर चालणे हे तिन्ही पहाटे एकत्र आले की साखर ७०च्या खाली जायला वेळ लागत नाही. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. घडलेला प्रकार डॉक्टरांना सविस्तर सांगावा, कारण या वयात मात्रा कमी करणे किंवा गोळीच बदलणे पुष्कळदा योग्य ठरते. निघण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी आणि ती ९०च्या आत असल्यास एक लहान केळे खाऊन थोड्या वेळाने निघावे. खिशात ग्लुकोजची पूड ठेवावी. त्रास जाणवताच सुमारे १५ ग्रॅम पूड घेऊन बसून राहावे आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे जेवणानंतर १० ते १५ मिनिटे चालणे, कारण साखर वाढते ती जेवणानंतरच, आणि तेव्हा ती उतरण्याचे भयही कमी असते.

आता आपण न विचारलेली, पण मला अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट. रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायूच वापरतात आणि वयानुसार तेच झिजत जातात. नुसत्या चालण्याने ही झीज पुरती भरून निघत नाही. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या गावात तालमीचे महत्त्व सांगायला नको, तरी साठीनंतर ताकदीचा व्यायाम करायचा नसतो हा समज इथेही घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसावे, हात छातीशी दुमडावेत आणि श्वास न रोखता, हाताचा आधार न घेता उभे राहावे; बसताना धपकन न बसता मांड्यांवर भार घेत सावकाश टेकावे. असे ८ ते १० वेळा, आठवड्यातून २ ते ३ दिवस करावे. स्वयंपाकघरातील ओट्याला धरून एका पायावर उभे राहण्याचा सराव तोल सुधारतो. वजने उचलण्यापूर्वी मात्र डोळ्यांच्या पडद्याची तपासणी व्हायला हवी. तेथील नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील, तर जोर लावल्याने रक्तस्राव होऊ शकतो.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या असून इन्शुलिन घेतात. गुडघे दुखतात म्हणून घराबाहेर पडत नाहीत, अलीकडे कोणाशी फारसे बोलतही नाहीत. व्यायामाचा आग्रह धरावा का?
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : आग्रह नको, सोबत द्यावी. खुर्चीत बसून पाय गुडघ्यातून सरळ करणे आणि टाचा उचलणे हे टीव्ही पाहतानाही करता येते. त्या दिवशी इन्शुलिन मांडीत न देता पोटावर द्यावे, कारण व्यायामाच्या अवयवात दिलेले इन्शुलिन लवकर शोषले जाते. मधुमेहींमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. त्यांचे अबोल होणे वयावर न ढकलता पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घालावे. घरात सपाता घालायला सांगाव्यात, आणि रोज रात्री त्यांचे तळवे व बोटांमधील जागा आपण स्वतः पाहावी. संवेदना कमी झाली असेल, तर फोड आला तरी त्यांना कळणार नाही.