मसुदा कोणाच्या हातात आहे?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. जर्मनीतले पहिले वर्ष संपत असताना तुला दोन निमंत्रणे आली आहेत. एक आहे स्ट्रासबर्गला युरोपीय संसदेच्या इमारतीत भरणाऱ्या युवा मेळाव्याचे, आणि दुसरे तुझ्याच विद्याशाखेच्या अभ्यासक्रम समितीत विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बसण्याचे. शिवाय तू विचारले आहेस की, ज्या युरोपात आपल्याला मताचा अधिकार नाही, तिथल्या धोरणांत आपण तोंड घालणे बरे दिसते का.

हा संकोच तू इथूनच सोबत नेला आहेस, असे मला वाटते. महाराष्ट्रात महाविद्यालयांतील निवडणुका १९९०च्या दशकात हिंसाचारामुळे बंद झाल्या, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या अनेक पिढ्यांना विद्यार्थी प्रतिनिधी म्हणजे स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या मोजणारा, नाहीतर एखाद्या पक्षाचा झेंडा धरणारा, एवढेच ठाऊक आहे. विद्यापीठाच्या नियमाचा मसुदा विद्यार्थ्याच्या हातून जाऊ शकतो, हे आपल्या डोक्यातच येत नाही. तिथे ते घडलेले आहे, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

तुला मत नाही, हे खरे. २०२४च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत जर्मनीने सोळा वर्षांच्या मुलांनाही मतदान करू दिले, पण तू भारतीय नागरिक असल्याने तो दरवाजा तुला बंदच होता. किमान सात देशांतून दहा लाख सह्या गोळा करून युरोपीय आयोगापुढे प्रस्ताव ठेवण्याची जी सोय २०१२पासून आहे, तीही केवळ युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. परंतु संघाच्या कारभाराविषयीच्या करारातील कलम २२७ तू नीट वाच. युरोपीय संसदेकडे विनंतीअर्ज करण्याचा अधिकार त्यात नागरिकांच्या बरोबरीने सदस्य देशात राहणाऱ्या कोणाही व्यक्तीला दिलेला आहे. तू तिथे राहतेस, तेवढे पुरेसे आहे. आणि ज्या नियमांवर तुझा तिथला मुक्काम अवलंबून आहे, त्यांतले महत्त्वाचे नियम बर्लिनमध्ये नव्हे, तर ब्रुसेल्समध्ये ठरलेले आहेत. त्यांकडे मी पुढे येतो.

आता माझी एक जुनी गोष्ट सांगतो. तिकडे शिकत असताना मी एका समितीत विद्यार्थी प्रतिनिधी होतो. परीक्षेच्या वेळापत्रकावर एकदा मी तावातावाने दहा मिनिटे बोललो, प्राध्यापकांनी माना डोलावल्या, आणि मी मैदान मारल्याच्या आनंदात घरी गेलो. तीन आठवड्यांनी इतिवृत्त आले. त्यात माझ्या वाट्याला एकच वाक्य आले होते: विद्यार्थी प्रतिनिधींनी आपले मत मांडले. मत कोणते, ते नव्हते. चूक लिहिणाऱ्याची नव्हती, माझी होती. मी त्याच्या हाती लिहिलेला एक कागदही दिला नव्हता. तेव्हापासून एखाद्या बैठकीत विद्यार्थ्यांचे चालले की नाही, हे मी इतिवृत्त पाहून ठरवतो.

या दृष्टीने बोलोन्या प्रक्रियेचा, म्हणजे युरोपातील देशांच्या पदव्या आणि श्रेयांक एकमेकांशी जुळवण्याच्या प्रयत्नाचा, इतिहास पाहा, कारण तू ज्या पदवीच्या ढाच्यात आणि ज्या श्रेयांक पद्धतीत शिकते आहेस, त्यांचा मार्ग तिथूनच जातो. जून १९९९मध्ये २९ देशांच्या मंत्र्यांनी बोलोन्यात घोषणापत्रावर सह्या केल्या, तेव्हा विद्यार्थी संघटनांना त्या प्रक्रियेत औपचारिक स्थान नव्हते. राष्ट्रीय विद्यार्थी संघटनांच्या युरोपीय महासंघाने, ज्याचे नाव तेव्हा एसिब होते आणि २००७पासून युरोपीय विद्यार्थी संघ असे आहे, मोर्च्यांवर भिस्त ठेवली नाही. मे २००१मध्ये मंत्री प्रागला जमणार होते. त्याच्या दोन महिने आधी, मार्चमध्ये, विद्यार्थ्यांनी गोटेन्बर्गला बैठक घेऊन आपले घोषणापत्र तयार केले. प्रागच्या अधिकृत निवेदनात मग दोन गोष्टी आल्या. विद्यार्थी हे उच्च शिक्षणाच्या समुदायाचे पूर्ण सदस्य आहेत, असे मंत्र्यांनी मान्य केले. आणि या प्रक्रियेच्या सामाजिक बाजूची दखल घेण्याची गरज त्यांनी पुन्हा नोंदवली, ती विद्यार्थ्यांनी लक्षात आणून दिल्याचा उल्लेख करून. मंत्र्यांच्या निवेदनात श्रेय लिहून मिळणे किती दुर्मिळ असते, हे तू काही वर्षे अशा कागदांत काढलीस की तुला कळेल.

खरे फळ मात्र त्यानंतर आले. २००३मध्ये बर्लिनला मंत्र्यांनी गुणवत्ता तपासणीचे समान निकष तयार करण्याचे काम ज्या संस्थांना दिले, त्यांत विद्यापीठांच्या संघटनांबरोबर एसिबही होती. ते निकष २००५मध्ये बर्गेनला स्वीकारले गेले. विद्यापीठाच्या बाह्य मूल्यमापनाच्या समितीत विद्यार्थी सदस्य असतो, तो यामुळे. सल्ला विचारला जाणे आणि मसुदा लिहिणाऱ्यांत असणे यांतले अंतर हे एवढे आहे.

उलट उदाहरणही तुझ्यापुढे असावे. युरोपीय संघाने भरवलेली युरोपच्या भवितव्याविषयीची परिषद ९ मे २०२१ ते ९ मे २०२२ या काळात झाली. सोडतीने निवडलेले ८०० नागरिक चार गटांत बसले, आणि त्यांतले एक तृतीयांश १६ ते २५ वयाचे असावेत, असे आधीच ठरवले होते. तरुणांना इतकी जागा इतक्या मोठ्या व्यासपीठावर क्वचितच मिळाली असेल. शेवटी ४९ प्रस्ताव आणि तीनशेहून अधिक उपाय निघाले. त्यांतल्या काहींसाठी संघाचे मूळ करारच बदलावे लागले असते, आणि ज्या दिवशी समारोप झाला, त्याच दिवशी १३ सदस्य देशांनी करारबदलाच्या घाईला विरोध करणारे टिपण प्रसिद्ध केले. संसदेने पुढे नोव्हेंबर २०२३मध्ये करारबदलाचे प्रस्ताव २९१ विरुद्ध २७४ मतांनी मंजूर केले, पण पुढची चावी सदस्य देशांच्या सरकारांकडे असते. त्या तरुणांनी मन लावून काम केले होते, याविषयी मला शंका नाही. पण त्यांचे काम संपले, तिथून खरे लेखन सुरू होणार होते, आणि त्या खोलीत त्यांना खुर्ची नव्हती.

म्हणून स्ट्रासबर्गला अवश्य जा. माणसे भेटतील, संसदेचे सभागृह पाहून होईल, आणि इल नदीच्या काठचे जुने शहर सुंदर आहे. पण दोन्हींच्या तारखा एकाच दिवशी आल्या, तर समितीची बैठक चुकवू नकोस.

तुझ्या पत्रात तू जाताजाता लिहिले आहेस की, निवास परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज देऊन पाच महिने झाले, उत्तर नाही, आणि तू त्या तात्पुरत्या दाखल्यावर दिवस काढते आहेस, ज्याच्या जर्मन नावातच कल्पित हा शब्द आहे. तुझे खरे प्रकरण हेच आहे. संघाबाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी युरोपीय संघाचा २०१६चा ८०१ क्रमांकाचा निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम, आहे. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत निर्णय द्यावा, असे त्याच्या ३४व्या कलमात सांगितले आहे. पूर्ण या शब्दाकडे लक्ष दे. एखादे कागदपत्र कमी असल्याचे कार्यालयाने कळवले, तर ते मिळेपर्यंत दिवसांची मोजणी थांबते, आणि कार्यालयाचा बचाव बहुधा तिथेच असेल.

तेव्हा संतापाचे निवेदन लिहू नकोस. विभागातल्या भारतीय, व्हिएतनामी, इराणी, नायजेरियन, जो कोणी त्या रांगेत आहे त्याच्याकडून चार तारखा घे: अर्ज दिल्याची, पोच मिळाल्याची, जादा कागद मागितल्याची आणि निर्णयाची. प्रत्येक तारखेमागे एखादे पत्र किंवा ईमेल असावे. आठवणीवर काही लिहू नये. विद्यार्थी संघटनेकडे कायदा सल्ल्याची सोय असेल, तर तो तक्ता आधी तिथे दाखव. मग विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला, मग शहराला, आणि तिथे हलले नाही तर संसदेच्या विनंतीअर्ज समितीला. या समितीचे काम मंद चालते, आणि उत्तर येईपर्यंत तुझी पदवी होऊन गेलेली असेल, हे आत्ताच मान्य करून ठेव.

व्हिएन्नाचा माक्स श्रेम्स कायद्याचा विद्यार्थी होता, तेव्हा २०११मध्ये त्याने फेसबुककडे आपल्याविषयीची माहिती मागितली आणि त्याला बाराशेहून अधिक पानांची फाइल मिळाली. तो आयर्लंडच्या माहिती-संरक्षण नियामकाकडे तक्रारी करत राहिला, एका तक्रारीवर नकार मिळाल्यावर न्यायालयात गेला, आणि ६ ऑक्टोबर २०१५ला युरोपीय न्यायालयाने अमेरिकेला माहिती पाठवण्याची सेफ हार्बर ही व्यवस्थाच रद्द ठरवली. तुझा तक्ता इतका दूर जाईल, असे मी म्हणत नाही. पण त्याचीही सुरुवात स्वतःच्या एका फाइलीपासून झाली होती.

पहिली दहा उत्तरे आली की तक्ता मला पाठव, आणि त्यातली नावे व पासपोर्टचे क्रमांक काढून मगच पाठव. नव्वद दिवसांची मोजणी कोणत्या तारखेपासून धरायची, यावर आपले दोघांचे आधी भांडण होऊ दे. ते कार्यालयासमोर व्हायला नको.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
सर