वाचकांचे प्रश्न : जर्मनची पातळी आणि जर्मनची पदवी

परदेशी भाषांच्या उच्च शिक्षणाविषयी सोलापुरातून आलेल्या पत्रांपैकी जर्मनसंबंधीची चार पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत, आणि लांबलेली पत्रे आशय कायम ठेवून संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी कला शाखेत बारावीला आहे. एका खासगी वर्गात जर्मनची ए-२ पातळी पूर्ण केली असून पुढे जर्मन घेऊनच बी.ए. करावे असे मनात आहे. आमच्या वर्गातील सर मात्र म्हणतात की बी-२ चे प्रमाणपत्र मिळाले की पदवीची गरज उरत नाही. तसे असेल तर विद्यापीठात तीन-चार वर्षे शिकवतात तरी काय?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : तुम्हाला जर्मन कशासाठी हवी आहे, यावर सरांचे म्हणणे बरोबर की चूक हे अवलंबून आहे. ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या सहा पातळ्या ही युरोपीय परिषदेने आखलेली मोजपट्टी आहे आणि ती एकच गोष्ट मोजते : शिकणाऱ्याला त्या भाषेत काय काय करता येते. डॉक्टरांशी बोलता येते का, अर्ज लिहिता येतो का, बैठकीत आपले म्हणणे मांडता येते का, एवढेच ती पाहते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केल्यापासून आपल्याकडे जर्मनच्या वर्गांना जी गर्दी होऊ लागली, ती या पातळ्यांसाठी आहे आणि त्यात काही गैर नाही. परिचारिकेला किंवा तंत्रज्ञाला तेथे जाऊन काम करायचे असेल, तर बी-१ किंवा बी-२ पातळी लागते. काफ्कासारख्या लेखकाच्या कथेचा अर्थ तिला कोणी विचारणार नाही. अशा व्यक्तीने केवळ भाषेसाठी पदवीची वर्षे घालवू नयेत, असेच मीही सांगेन.

विद्यापीठातील जर्मनचा अभ्यास मात्र जेथे पातळ्यांचे काम संपत येते तेथून खऱ्या अर्थाने सुरू होतो. जर्मन भाषक देशांत या विद्याशाखेला ‘गेर्मानिस्टिक’ म्हणतात आणि तिचे परंपरेने तीन भाग पडतात : भाषाविज्ञान, मध्ययुगीन साहित्य आणि आधुनिक साहित्य. मध्ययुगीन भागात इ. स. १२०० च्या सुमाराचे ‘निबेलुंगेनलीड’ हे महाकाव्य येते. आजच्या जर्मन माणसालाही ते टीपांशिवाय कळत नाही, कारण त्याची भाषा मध्य-उच्च-जर्मन आहे. ज्ञानेश्वरी मुळातून वाचू पाहणाऱ्या मराठीच्या विद्यार्थ्याला या अडचणीची कल्पना सहज येईल. भाषाविज्ञानात तुम्हाला ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिम भेटेल, पण तो परीकथांचा संकलक म्हणून नव्हे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषांतील ‘प’ जर्मानिक भाषांत ‘फ’ होतो, अशा व्यंजनबदलांमागची नियमितता त्याने आपल्या व्याकरणात मांडली, आणि तुलनात्मक भाषाविज्ञानाच्या पायाभरणीत तिचा मोठा वाटा आहे. या दोन भावांनी आरंभलेल्या जर्मन शब्दकोशाचा पहिला खंड १८५४ मध्ये निघाला आणि काम पूर्ण व्हायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली.

भारतातील अभ्यासक्रमांत मध्ययुगीन भाग बहुधा थोडा असतो आणि लेसिंग, गटे, शिलर यांच्यापासून हाइने, काफ्का, ब्रेख्त, हाइनरिश ब्योल, क्रिस्टा वोल्फ यांच्यापर्यंतचे आधुनिक साहित्य अधिक असते. त्याच्या जोडीला इतिहास आणि समाजजीवन शिकवले जाते. १८७१ चे एकीकरण, १९१८ चा पराभव, १९३३ मध्ये हिटलरच्या हाती गेलेली सत्ता, १९४५ मधील तिचा शेवट, १९४९ मध्ये झालेली दोन राज्ये, १९६१ ची बर्लिनची भिंत आणि १९८९-९० चा तिचा शेवट यांची स्पष्ट कल्पना नसेल, तर क्रिस्टा वोल्फ यांच्या १९६३ च्या ‘विभागलेले आकाश’ या कादंबरीतील दोन प्रेमिकांची ताटातूट ही केवळ प्रेमकथा वाटेल. आणखी एक गोष्ट विद्यापीठातच नीट उमगते, ती म्हणजे जर्मन साहित्य हे एकट्या जर्मनीचे नाही. काफ्का प्रागचा ज्यू, कवी पाउल चेलान त्या वेळी रुमानियात आणि आज युक्रेनमध्ये असलेल्या चेर्नोवित्सचा. २००९ चे नोबेल मिळवणाऱ्या हेर्टा म्युलर रुमानियातील जर्मन अल्पसंख्याक समाजातल्या, तर २००४ ची नोबेल विजेती एल्फ्रीडे येलिनेक ऑस्ट्रियाची.

तेव्हा निवड करताना स्वतःची एक परीक्षा घ्या. ए-२ च्या पुस्तकातील संवाद पाठ करण्यापेक्षा, एखादे वाक्य असेच का बांधले आहे, गौण वाक्यात क्रियापद शेवटी का जाते, याचा विचार करत बसण्यात तुम्हाला आनंद वाटतो का? शब्दकोश शेजारी ठेवून दोन पाने वाचायला पूर्ण दुपार लागली तर चीड येते की उत्सुकता वाढते? दुसरे उत्तर तुमचे असेल तर बी.ए. जरूर करा. मात्र पदवी हाती आली तरी सलग पाच मिनिटे जर्मन बोलता न येणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. म्हणून पदवीबरोबर पातळ्यांच्या परीक्षाही देत राहा.

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षक आहे. माझी नात जर्मन साहित्याचा अभ्यास करू इच्छिते. भाषा शिकण्याविषयी आक्षेप नाही. पण गटे आणि शिलर यांचा सोलापूरच्या मुलीच्या आयुष्याशी संबंध काय, हा प्रश्न मला प्रामाणिकपणे पडतो.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण मराठीचे शिक्षक असल्यामुळे नेहमीचे उत्तर आपणांस ठाऊक असणार : कालिदासाच्या शाकुंतलाचे गेओर्ग फोर्स्टर याने इंग्रजीवरून केलेले जर्मन भाषांतर १७९१ मध्ये निघाले आणि गटे त्यावर लुब्ध झाला, संस्कृतचे जर्मनीतील पहिले अध्यासन १८१८ मध्ये बॉन येथे स्थापन झाले, रा. गो. भांडारकरांना ग्योटिंगेन विद्यापीठाने डॉक्टरेट दिली. हे सर्व खरे आहे, परंतु ते जर्मनांनी आपल्याविषयी काय केले याचे उत्तर झाले. आपला प्रश्न उलट दिशेचा आहे, म्हणून मी एकच नाटक पुढे ठेवतो.

गेर्हार्ट हाउप्टमान यांचे ‘डी वेबर’, म्हणजे ‘विणकर’, हे नाटक १८९२ चे आहे. १८४४ मध्ये सायलीशिया प्रांतातील हातमाग विणकरांनी केलेला उठाव हा त्याचा विषय. यंत्रावर विणलेल्या स्वस्त कापडाशी स्पर्धा सुरू झालेली, व्यापारी मजुरी उतरवत चाललेले, आणि घरोघरी उपासमार, अशी ती परिस्थिती होती. पहिल्या अंकात विणकर आपापले कापड घेऊन ड्राइसिगर या कारखानदाराच्या घरी रांगेने उभे आहेत. कारकून प्रत्येक तागा तपासतो, दोष काढतो आणि मजुरी कापतो. कोणी आगाऊ पैशांसाठी विनवतो, कोणी गप्प राहून मिळेल ते घेतो. रंगमंचावर याहून फारसे काही घडत नाही, आणि तरीही पुढच्या चार अंकांत उसळणारा सारा संताप या व्यवहारातच साठलेला दिसतो. नाटकाला एक नायक नाही; जमाव हाच नायक आहे, आणि १८९२ च्या रंगभूमीवर ही मोठी धाडसाची गोष्ट होती. शेवटच्या अंकात उठावात सामील व्हायला नकार देऊन देवावर भरवसा ठेवून मागावर बसलेला म्हातारा हिल्से हाच सैनिकांच्या गोळीला बळी पडतो. नाटककाराने या मृत्यूवर काहीही भाष्य केलेले नाही, त्यामुळे त्याचा अर्थ काय लावायचा यावर समीक्षकांचे आजही एकमत नाही. बर्लिनच्या पोलिसांनी नाटकाच्या जाहीर प्रयोगाला बंदी केली होती. बंदी उठून १८९४ मध्ये प्रयोग झाल्यावर सम्राट दुसरा विल्हेल्म याने त्या नाट्यगृहातील आपली राखीव जागाच सोडून दिली. हाउप्टमान यांचे आजोबा स्वतः विणकर होते, आणि नाटकाच्या अर्पणपत्रिकेत त्यांचा उल्लेख आहे. त्याच १८४४ च्या उठावावर हाइनेने कविता लिहिली, आणि हे नाटक पाहून केटे कोलविट्स या चित्रकर्तीने विणकरांच्या उठावाची प्रसिद्ध चित्रमाला केली.

ज्या शहराच्या पूर्व भागात माग आणि धोटा या वस्तू पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत, ज्या शहराने गिरण्यांचा उत्कर्ष आणि त्यांचे बंद पडणे दोन्ही पाहिले, त्या शहरातील मुलीला हा पहिला अंक समजावून सांगावा लागणार नाही. उलट, कापड तपासून मजुरी ठरवण्याची ती पद्धत, कारखानदार आणि विणकर यांच्यातील ते अवघडलेले नाते, यांविषयी ती बर्लिनच्या विद्यार्थ्यापेक्षा नेमके प्रश्न विचारू शकेल. भाषेच्या बाबतीतही तेच. हाउप्टमान यांनी हे नाटक प्रथम सायलीशियन बोलीत लिहिले आणि मग प्रमाण जर्मनच्या जवळ आणले. कोणते पात्र किती बोली बोलते यावरून त्याची सामाजिक पायरी कळते. एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकत वाढलेल्या व्यक्तीचा कान अशा फरकांना आधीच तयार झालेला असतो. आणि आपल्या विषयाच्या जवळचे काही हवे असेल, तर ब्रेख्तच्या १९२८ च्या ‘थ्री पेनी ऑपेरा’चे पु. ल. देशपांडे यांनी केलेले ‘तीन पैशाचा तमाशा’ हे मराठी रूप आहेच. मूळ जर्मन आणि मराठी संहिता शेजारी ठेवून लिहिलेला प्रबंध मराठीच्याही उपयोगाचा ठरेल. तो आपल्या नातीने लिहावा आणि मराठीची बाजू आपण तपासावी, असे मी सुचवतो.

प्रश्न : माझा यंत्रमागाचा लहान कारखाना आहे. मुलीला जर्मनमध्ये एम.ए. पर्यंत शिकायचे आहे. त्यासाठी तिला सोलापूर सोडावे लागेल का? आणि शिकून पोटापाण्याचे काय?
— एक पालक, पूर्व भाग

उत्तर : भाषेच्या सुरुवातीच्या पातळ्या सोलापुरात राहून किंवा ऑनलाइन पूर्ण करता येतील, पण एम.ए. चे नियमित शिक्षण घ्यायचे तर शहर सोडण्याची तयारी ठेवावी. सर्वांत जवळचा पर्याय पुण्याचा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे आणि तेथे प्रमाणपत्रापासून एम.ए. पर्यंत जर्मन शिकवतात. फर्ग्युसन महाविद्यालयात पदवीसाठी जर्मन घेता येते. आणि गटे इन्स्टिट्यूटची पुण्यातील शाखा, म्हणजेच मॅक्सम्युलर भवन, पातळ्यांच्या परीक्षा घेते. मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कालिना येथे आहे. आपल्या भागातील अनेक कुटुंबांचे नातेवाईक हैदराबादेत असतात, त्यामुळे तेथील इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठाचाही विचार करावा. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जर्मनचा बी.ए. ऑनर्स हा अभ्यासक्रम भाषेच्या अगदी प्राथमिक पायरीपासून सुरू होतो आणि त्याचा प्रवेश सीयूईटी या केंद्रीय परीक्षेतून मिळतो. बारावीतल्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

पोटापाण्याचे विचारलेत ते योग्यच आहे. शाळा-महाविद्यालयांत आणि भाषासंस्थांत अध्यापन, कंपन्यांसाठी तांत्रिक व कायदेविषयक भाषांतर, दुभाषेपण आणि पुणे, बेंगळुरू, हैदराबाद येथील कंपन्यांत जर्मन ग्राहकांशी व्यवहार सांभाळण्याची कामे हे मुख्य मार्ग आहेत. विद्यापीठीय अध्यापनासाठीच्या नेट परीक्षेत जर्मन हा स्वतंत्र विषय आहे, मात्र त्या कायम जागा मोजक्याच असतात आणि त्यांच्या भरवशावर कोणी राहू नये. साध्या, साचेबंद मजकुराचे भाषांतर आता यंत्रे बरेच करू लागली आहेत. त्यामुळे माणसाकडे येणारे काम अधिक अवघड होत चालले आहे, आणि ज्याची तयारी केवळ बी-१ पर्यंतची आहे त्याला ते झेपत नाही. आपल्या मुलीने जर्मनबरोबर दुसरा एखादा विषय, मग तो वाणिज्य असो, कायदा असो वा वस्त्रोद्योगाचे तंत्र, ओळखीपुरता तरी धरावा. आपल्या घरातच यंत्रसामग्रीची माहिती-पुस्तके आणि निर्यातीचा पत्रव्यवहार यांची भाषा तिच्या कानावर पडत असेल, तर ती तिने कमी लेखू नये.

प्रश्न : मी बी.एस्सी. केले असून जर्मनची बी-२ परीक्षा उत्तीर्ण आहे. मला जर्मन साहित्यात एम.ए. करता येईल का? ते थेट जर्मनीत करणे शक्य आहे का?
— एक पदवीधर, सोलापूर

उत्तर : भारतात शक्यता चांगली आहे. अन्य शाखांच्या पदवीधरांना भाषेची ठरावीक पातळी आणि प्रवेश परीक्षा यांच्या आधारे जर्मनच्या एम.ए. ला घेणारी विद्यापीठे आहेत. नेमकी अट त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावी.

जर्मनीत मात्र साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला पदवीही त्याच किंवा निकटच्या विषयातील लागते, त्यामुळे बी.एस्सी. च्या आधारे थेट प्रवेश मिळणे अवघड आहे. आधी भारतात एम.ए. करून नंतर तेथे जाण्याचा मार्ग मी सुचवीन. भाषेची अपेक्षाही वाढते : जर्मन माध्यमाच्या अभ्यासक्रमासाठी सामान्यतः टेस्टडाफ या विद्यापीठप्रवेशासाठीच्या जर्मन भाषापरीक्षेच्या चारही भागांत चौथी श्रेणी किंवा सी-१ च्या तोडीचे प्रमाणपत्र मागतात. भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे, प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे आणि ते मिळण्यास वेळ लागत असल्याने अर्ज लवकर करावा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, केवळ सत्राचे अंशदान असते. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. निर्वाहखर्चाची तरतूद म्हणून बंदिस्त खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा बँक खात्यात, वर्षासाठी ११,९०४ युरो दाखवण्याची अट सप्टेंबर २०२४ पासून आहे. ही रक्कम वेळोवेळी वाढत आलेली असल्यामुळे अर्जाच्या वेळचा आकडा जर्मन वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहूनच बँकेत जावे.