वणवा वस्तीजवळ येतो तेव्हा

प्रश्न : आमचे गाव किनवट तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी सागाच्या जंगलाला लागून आहे. गेल्या आठवड्यात वणवा शेवटच्या घरांपासून हाकेच्या अंतरावर येऊन थांबला. आमच्या घरावर पत्रे आहेत, शेजारी गोठा आणि कडब्याची गंजी आहे. पुन्हा वणवा आला तर त्याला पुढे जळायला काही उरू नये म्हणून आपणच समोरून आग लावावी, असे काही जाणते सांगतात. ते योग्य आहे का? आणि घर केव्हा सोडावे?
– एक वाचक, जि. नांदेड

उत्तर : समोरून आग लावण्याचा विचार कृपया सोडून द्या. वनविभागाची जाणकार माणसे हा उपाय जाळरेषेच्या (आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याच्या) आधाराने आणि वारा पाहूनच करतात. वारा फिरला तर तुम्ही लावलेली आगच गावात शिरेल. शिवाय राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे.

तुमचे पत्र वाचून मला खरी काळजी वाटली ती गंजीची. ज्वाळांच्या आधी ठिणग्या घरापर्यंत पोचतात. सागाचे वाळलेले रुंद पान पेटते, वाऱ्यावर उडते आणि पत्र्याखालच्या फटीत किंवा कडब्यात जाऊन पडते. आग विझली म्हणून माणसे घरी परततात आणि त्यानंतर गंजी आतून धुमसू लागते. म्हणून गंजी घर-गोठ्यापासून लांब, नांगरलेल्या रानात रचा, गोवऱ्या आणि पऱ्हाट्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पत्र्यावरचा पाला वरचेवर झाडा आणि घराभोवती निदान तीस फूट जागा गवत काढून मोकळी ठेवा. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवण्याऐवजी तो खराट्याने लोटावा, हे गावात आवर्जून सांगा, कारण पुष्कळ वणवे तिथूनच सुरू होतात.

घर सोडण्यासाठी ज्वाळा दिसण्याची वाट पाहू नका. धूर वस्तीत उतरू लागताच म्हातारी माणसे, लहान मुले आणि दम्याचे रुग्ण यांना आधी हलवा, वनरक्षकाला कळवा आणि 112 वर फोन करा. अंगावर सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. नायलॉनची साडी उष्णतेने वितळून कातडीला चिकटते. आग चढावर फार वेगाने धावते, त्यामुळे डोंगराकडे न जाता नांगरलेल्या रानाकडे जावे. जनावरे सोबत नेता येत नसतील तर त्यांची दावी सोडून द्या आणि गोठ्याचे दार उघडे ठेवा. बांधलेल्या बैलाला सोडवायला धुरात परत शिरणे जिवावर बेतू शकते, म्हणून हे काम निघण्यापूर्वीच करावे.