जुनी राजदूत ३५० मोटरसायकल आजच्या रॉयल एनफिल्ड मिटिऑर ३५० ला मागे टाकेल का?

हो, गाडी ठीक असेल तर सहज टाकेल. राजदूतच्या हाय टॉर्क, म्हणजे जास्त ताकदीच्या मॉडेलची ताकद ३०.५ बीएचपी आणि वजन साधारण दीडशे किलो. मिटिऑरची ताकद २०.२ आणि वजन १९१. म्हणजे दर किलोमागे जवळपास दुप्पट जोर! दोन्ही चालवल्या आहेत: राजदूत चार हजार आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) गप्प असते, मग निळसर धूर सोडत अशी सुटते की हँडल घट्टच धरावं लागतं. मात्र घाटात डबलसीट, कमी आरपीएमवर मिटिऑरच निवांत चढते. आणि ब्रेकचं विसरू नका. राजदूतला पुढेही ड्रमच आहे, मिटिऑरला दोन्हीकडे डिस्क आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा). जुन्या गाडीवर अंतर राखूनच चालवा.