बगळा करडा का येतो? एक्स्पोजरची प्रश्नोत्तरे

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न एक्स्पोजरचे, म्हणजे फोटोला किती उजेड द्यायचा याचे आहेत, म्हणून बाकीचे बाजूला ठेवून तेवढेच घेतो. 'स्टॉप' हा शब्द पुढे सारखा येईल. एक स्टॉप वाढवला म्हणजे उजेड दुप्पट, एक कमी केला म्हणजे निम्मा. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/८ चं एफ/५.६ केलंत काय (आकडा लहान तेवढं भोक मोठं), किंवा शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, १/५०० सेकंदाचं १/२५० केलंत काय, वाढला एकच स्टॉप.

प्रश्न : दाभोळच्या खाडीत बगळ्यांचे फोटो काढतो. पुळणीवर उभा असलेला बगळा मळकट करडा येतो. तोच उडून कांदळवनापुढे गेला की पांढराफट्ट, एक पीस दिसत नाही. कॅमेरा बिघडलाय का? (दापोली)

कॅमेरा ठणठणीत आहे. त्याच्या मीटरला बगळाही कळत नाही आणि पुळणही कळत नाही. चौकटीतून परत येणारा उजेड तो मोजतो आणि सगळं मिळून मध्यम करडं असणार, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारं असणार, असं धरून चालतो. वाळू पांढरी आणि पक्षीही पांढरा, की मीटरला वाटतं उजेड फार झाला. तो कमी करतो आणि बगळा मळतो. मागे कांदळं आली की चौकटीचा बहुतेक भाग गडद हिरवा. आता मीटर उजेड वाढवतो आणि त्या वाढीव उजेडात बगळा जळतो. हल्लीचं मॅट्रिक्स मीटरिंग, म्हणजे चौकटीचे भाग पाडून मोजणं, जरा शहाणं झालंय, पण अशा टोकाच्या दृश्यात तेही फसतं.

उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन : मीटरने ठरवलेल्या उजेडात इतके स्टॉप वाढव किंवा कमी कर, असं कॅमेऱ्याला सांगणं. पुळणीवर +१ पासून सुरुवात करा, कांदळांपुढे −१ किंवा त्याहूनही खाली. पण तुमची खरी अडचण वेगळी आहे : बगळा वाळूवरून उठून कांदळांपुढे जायला दोन सेकंद लागतात, तेवढ्यात डायल फिरवणार कोण? अशा वेळी मॅन्युअल मोड घ्या, म्हणजे ॲपर्चर, शटर आणि आयएसओ (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा तो आकडा) तुम्हीच ठरवाल. पक्ष्यावर पडणारं ऊन दोन्हीकडे तेच आहे, बदलली ती फक्त मागची बाजू. मग आकडे कशाला बदलायचे?

आकडे ठरवायला जुना 'सनी सिक्स्टीन'चा नियम अजून चालतो. सूर्य चांगला वर आलेला, आकाश स्वच्छ आणि ऊन तुमच्या पाठीमागून पडणारं असेल तर एफ/१६ ला शटर आयएसओच्या आकड्याइतकं : आयएसओ ४०० ला १/४००. पक्ष्यासाठी तेच एफ/८ ला १/१६०० होतं. पांढरी पिसं आहेत म्हणून आणखी थोडं खाली, १/२००० किंवा १/२५००, आणि मग दिवसभर विसरा. सकाळी आठच्या आधी हा नियम लागू नाही. तेव्हा स्वतःचा तळहात पक्ष्यावर पडणाऱ्याच उन्हात धरा, स्पॉट मीटरने, म्हणजे चौकटीतला फक्त तेवढाच ठिपका, मोजा आणि त्यावर एक स्टॉप वाढवा. कातडीचा रंग कसाही असो, तळहात बहुतेकांचा मध्यम करड्याहून सुमारे एक स्टॉप उजळ असतो.

हा हिशेब नवा नाही. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेली झोन सिस्टिम हेच सांगते : कुठली गोष्ट किती उजळ दिसावी ते मीटरने नव्हे, फोटो काढणाऱ्याने ठरवायचं. एक फरक मात्र लक्षात ठेवा. निगेटिव्ह फिल्मवर काम करणारे आधी सावली सांभाळत. डिजिटलमध्ये उलटं आहे. सेन्सरचा पिक्सेल एकदा भरला की तिथे नुसता पांढरा डाग उरतो, रॉ फाइलमधूनही, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीतूनही, त्यातलं काही परत येत नाही. काळोखातून मात्र बरंच काही उचलता येतं. म्हणून चौकटीतली सगळ्यात उजळ अशी गोष्ट, जिच्यात तपशील हवाच आहे, ती आधी शोधायची. तुमच्याकडे ती बगळ्याची पाठ आहे.

प्रश्न : तारकर्लीला प्रीवेडिंगची कामं करतो. सूर्यास्ताचं आकाश धरलं की जोडपं काळं, चेहरे धरले की आकाश पांढरं. एचडीआर करू का? (मालवण)

माणसं हलतात, केस उडतात, ओढणी उडते. एचडीआर म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम जोडणं. अशा तीन फ्रेम जोडायला गेलात तर ओढणीच्या कडेला भुतं दिसतील. नको.

आपली किनारपट्टी पश्चिमेकडे तोंड करून आहे. समुद्र मागे घेऊन संध्याकाळी उभं केलेलं कुठलंही जोडपं उजेडाला पाठ करूनच उभं राहणार. आकाश आणि चेहरा यांत पाच-सहा स्टॉपचं अंतर सहज पडतं. तेवढी सावली रॉमधून उचललीत तर गालांवर चट्टे येतात. माझ्या मते दोन स्टॉप ही सभ्य मर्यादा.

एक वाट म्हणजे सरळ छायाकृती. सूर्य चौकटीबाहेर ठेवून त्याच्या शेजारच्या आकाशावर मोजा, एक्स्पोजर लॉक करा आणि जोडप्याला एकमेकांपासून थोडं सुटं उभं करा, नाहीतर दोघांचा मिळून एक गोळा होतो. दुसरी वाट फ्लॅशची. इथे बहुतेकांचा घोळ शटरपाशी होतो. फ्लॅशचा लखलखाट शटरच्या तुलनेत इतका क्षणिक असतो की शटर बदलल्याने त्याच्यावर परिणाम होत नाही. शटरने फक्त आकाश उजळ किंवा गडद होतं. चेहऱ्यावरचा उजेड ठरतो फ्लॅशची पॉवर, अंतर, ॲपर्चर आणि आयएसओ यांवर. म्हणून आधी फ्लॅश बंद ठेवून आकाश हवं तसं मिळवा, थोडं गडदच बरं. मग फ्लॅश लावा आणि त्याचं कॉम्पेन्सेशन −१ ठेवून बघा. शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सगळ्यात वेगवान शटरच्या, वर नेऊ नका. बहुतेक कॅमेऱ्यांत तो १/२०० किंवा १/२५० असतो, वर गेलात की फोटोच्या एका बाजूला काळी पट्टी येते. हायस्पीड सिंक असेल तर वर जाता येतं, पण फ्लॅशचा पल्ला कमी होतो. फ्लॅशवर नारिंगी जेलचा, म्हणजे पारदर्शक रंगीत पट्टीचा, तुकडा चिकटवा. मागे केशरी आकाश आणि पुढे निळसर पांढरे चेहरे, ही जोडी लग्नाच्या अल्बमांत फार पाहिली.

रिफ्लेक्टरचं म्हणाल तर संध्याकाळच्या वाऱ्यात तो धरायला एक दणकट माणूस लागतो.

आणि गिऱ्हाइकाला एकदा सकाळी बोलावून बघा. सूर्य सह्याद्रीकडून वर येतो, माडांच्या वरून ऊन थेट समुद्रावर आणि चेहऱ्यांवर पडतं. पाण्याला रंग तेव्हाच असतो.

प्रश्न : मॅन्युअल मोडशिवाय खरा फोटोग्राफर होता येत नाही, असं आमचे सर म्हणतात. (चिपळूण)

सरांना नमस्कार सांगा. ॲपर्चर प्रायॉरिटीत, म्हणजे ॲपर्चर आपण आणि शटर कॅमेरा ठरवतो त्या मोडमध्ये, मीटर मध्यावर राहतो तो आपोआप, आणि मॅन्युअलमध्ये डायल फिरवून आपण तो मध्यावर आणतो. एवढंच करणार असाल तर फरक फक्त अंगठ्याच्या व्यायामाचा. वरच्या बगळ्यासारखा उजेड स्थिर आणि मागची बाजू बदलती असेल तर मॅन्युअल हवंच. श्रावणात ढग धावत असताना लावणीचे, बेणणीचे फोटो काढताय आणि उजेड मिनिटात दोन स्टॉप वरखाली होतोय, तर ॲपर्चर प्रायॉरिटी, ऑटो आयएसओ, कमीत कमी शटर १/२५० आणि अंगठा कॉम्पेन्सेशनच्या डायलवर.

प्रश्न : जत्रेतल्या दशावताराचे फोटो काढतो. काहींत आडवे काळे पट्टे येतात, लाल दिव्यात राजाच्या चेहऱ्याचा गोळा होतो आणि संकासुर काळा न येता राखाडी दिसतो. (कुडाळ)

तीन वेगळी दुखणी आहेत. संकासुराचं सोपं आहे, तो तुमच्या वरच्या दापोलीकरांच्या बगळ्याचा उलटा भाऊ. नखशिखांत काळा वेष, मागे काळोख. मीटर उजेड वाढवत नेतो. −१.५ किंवा −२ करा, काळा काळा येईल.

पट्टे एलईडी दिव्यांमुळे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही, पण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि काही ओळी नेमक्या मंद क्षणी सापडतात. आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं असेल तर आधी ते बंद करा. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये हा त्रास सगळ्यात जास्त. हार्मोनियम, पखवाज आणि झांजा चालू असताना तुमच्या शटरची टिकटिक कोण ऐकतंय? मग शटर १/१०० वर आणा. एका फ्रेममध्ये उजळ-मंदाचा एक पूर्ण फेरा बसतो आणि पट्टे जातात. युद्धाच्या नाचात १/१०० ला हात अस्पष्ट येतील, येऊ देत. गिरकीच्या शेवटी नट क्षणभर थांबतो तो क्षण पकडा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर तो चालू करून शटर थोडं वर नेता येतं. डिमरवर चालणारे रंगीत दिवे वेगळ्याच गतीने लुकलुकतात. तिथे हिशेब चालत नाही, शटर थोडं थोडं बदलून स्क्रीनवर पट्टे कुठे नाहीसे होतात ते पाहायचं.

लाल गोळ्याचं कारण जरा लपलेलं आहे. लाल एलईडीखाली सेन्सरचा लाल चॅनल काठोकाठ भरतो, हिरवा आणि निळा जवळजवळ रिकामे असतात. साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद-उजळ भाग किती ते सांगणारा आलेख, तिन्हींची सरासरी धरून दाखवतो, म्हणून तो मधे कुठेतरी निवांत बसलेला दिसतो आणि आपण फसतो. मेनूतून लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम लावा. लाल आलेख उजव्या भिंतीला टेकला असेल तर एक स्टॉप, कधी दीड स्टॉप खाली या. फोटो अंधारलेला वाटेल, पण चेहऱ्यावरची रंगाची रेघ न रेघ शाबूत राहील. तेही नको असेल तर दिवे पांढरे होईपर्यंत थांबा. नाटक पहाटेपर्यंत चालणार आहे.

प्रश्न : किनाऱ्यावर फोटो स्क्रीनवर छान दिसतो, घरी आल्यावर जळलेला निघतो. (गुहागर)

भर उन्हात स्क्रीन मंद दिसते, म्हणून आपण फोटो उजळ करत जातो. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. हिस्टोग्राम पाहा आणि हायलाइट अलर्ट चालू करा, म्हणजे जळलेला भाग लुकलुकतो. लाटेवरच्या उन्हाच्या ठिणग्या लुकलुकल्या तर सोडून द्या, त्या जळणारच. फेस लुकलुकला तर शटर आणखी वेगवान करा. हा अलर्ट कॅमेरा जेपेगवरून काढतो, त्यामुळे रॉमध्ये थोडी जागा शिल्लक असते, पण तिच्या भरवशावर काम करू नये.

प्रश्न : आमच्या जुन्या घराचं होमस्टे केलंय. माजघराचे फोटो घेतले की दार-खिडक्या पांढऱ्या, बाहेर धरलं की आत काळोख. (देवरुख)

चिऱ्याच्या भिंती आणि शेणाने सारवलेली जमीन उजेड पिऊन टाकतात आणि दाराबाहेर अंगणात भर ऊन. दहा स्टॉपचं अंतरही असू शकेल. इथे एचडीआर चालेल, कारण काही हलत नाही : ट्रायपॉड, ॲपर्चर एफ/८ वर कायम, आणि शटर बदलून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच फ्रेम. जोडताना बाहेरचं अंगण आतल्यापेक्षा थोडं उजळच राहू द्या. दोन्ही सारखे केले की खिडकीत कॅलेंडर टांगल्यासारखं दिसतं.

त्याहून सोपं म्हणजे वेळ बदला. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आतले पिवळे दिवे आणि बाहेरचं निळसर आकाश जवळपास सारख्या उजेडाचे होतात, एकाच फ्रेममध्ये दोन्ही येतात. ही वेळ दहा-बारा मिनिटंच टिकते, तेव्हा खाटेवरच्या चादरी आधीच ताणून ठेवा. दुपारी काढायचेच असतील तर वर काचेचं कौल कुठे आहे ते बघा. त्यातून जमिनीवर पडणारा कवडसा हमखास जळतो. वरून त्या कौलावर एखादं पोतं टाकलंत तरी काम होतं.

प्रश्न : दिवसा लाटा धुक्यासारख्या करायला एफ/२२ पुरेल का? (श्रीवर्धन)

पुरणार नाही, शिवाय एफ/२२ ला डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे, सगळा फोटो मऊ पडतो. एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी गडद काच, घ्या. दहा स्टॉपचा फिल्टर १/६० चे सुमारे १७ सेकंद करतो. मला स्वतःला तसं दूध झालेलं पाणी आवडत नाही. अर्ध्या ते एका सेकंदात ओसरत्या लाटेच्या रेघा दिसतात, त्याला सहा स्टॉपचा फिल्टर आणि सकाळ-संध्याकाळचा उजेड पुरतो. हरिहरेश्वरच्या खडकांवर भरती असताना ट्रायपॉड घेऊन उतरू नका.

प्रश्न : वेळासला कासवाची पिल्लं सोडतात तेव्हा उजेड फार कमी असतो. आयएसओ वाढवला की नॉइज (फोटोत दाणे) येतो. फ्लॅशची अगदी कमी पॉवर चालेल का? (पुणे)

नाही. पिल्लं उजळ दिसणाऱ्या बाजूला जातात, त्यावरच त्यांना समुद्र सापडतो. फ्लॅश नाही, मोबाइलचा टॉर्चही नाही.

नॉइज आयएसओमुळे येतो हाच मुळात गैरसमज आहे. सेन्सरवर किती उजेड पडायचा ते दृश्यातला उजेड, ॲपर्चर आणि शटर ठरवतात, आयएसओ आलेला सिग्नल फक्त वाढवतो. आमटीत पाणी घालून ती दहा पानांना पुरवली तरी डाळ तेवढीच राहते. तेव्हा आयएसओ कमी ठेवून फोटो काळा काढण्यात आणि घरी तो उजळवण्यात काही फायदा नाही, उलट बऱ्याच कॅमेऱ्यांत नुकसानच. ॲपर्चर पूर्ण उघडा, पिल्लू हळू चालतं म्हणून १/१२५ पुरेल, आयएसओ ३२०० लागला तर लागू दे. ओली वाळू चकाकते आणि पिल्लू गडद असतं, त्यामुळे +०.७ ठेवा, नाहीतर पिल्लाचा डोळासुद्धा दिसणार नाही.

प्रश्न : हे सगळं मोबाइलवर कसं करायचं? (रत्नागिरी)

बहुतेक मोबाइलचं ॲपर्चर बदलत नाही, त्यामुळे हातात शटर आणि आयएसओ एवढेच उरतात. स्क्रीनवर विषयावर बोट दाबून ठेवा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल. मग शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. आकाशात रंग दिसू लागेपर्यंत ओढायचं. सावल्या फोनचं सॉफ्टवेअर आपणच उचलतं, कधी नको इतकं. एवढं करूनही सगळं धुरकट आणि दिव्यांभोवती प्रभावळ दिसत असेल तर लेन्सवर खाऱ्या वाऱ्याचा थर बसलाय. तो मऊ, किंचित ओल्या कापडाने पुसा. शर्टाच्या टोकाने नको, किनाऱ्यावर त्यात वाळू असते.